वेळेआधी ओझोन कमी करायचा करार: तेरा जमले, डेन्व्हर एका पीपीबीने हुकलं

नोंदवही

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोय. हा धागा जमिनीलगतच्या ओझोनचा आहे. वरच्या थरातला ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. रेणू तोच, पण आपण श्वासातून आत घेतो तो फुफ्फुसाचं आतलं अस्तर भाजून काढतो, आणि दमेकरी मुलांचे सगळ्यात जास्त हाल करतो.

मला लिहायचंय ते इथे अमेरिकेत २००२ साली झालेल्या एका प्रयोगाबद्दल. नाव अर्ली ॲक्शन कॉम्पॅक्ट. पार्श्वभूमी थोडक्यात. १९९७ मध्ये ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, ओझोनचं नवं मानक आणलं, आठ तासांच्या सरासरीवर ०.०८ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०८ भाग, म्हणजे अब्ज भागांत ८०, किंवा ८० पीपीबी). त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मानक ठरवताना खर्च बघायचा नाही, आरोग्य बघायचं, आणि मग कुठे गाडी पुढे सरकली. पण कुठला भाग पास आणि कुठला नापास हे जाहीर व्हायला एप्रिल २००४ उजाडलं. नापास भागांना आराखडा द्यायला त्यानंतर तीन वर्षं, आणि हवा साफ करायची मुदत त्याच्याही पुढे. म्हणजे १९९७ ला कळलं की ही हवा मुलांना अपायकारक आहे, आणि त्यावर प्रत्यक्ष काही व्हायला दहा दहा वर्षं.

तर २००२ मध्ये टेक्सासमधून एक कल्पना पुढे आली आणि ईपीएने ती उचलली. जो भाग ३१ डिसेंबर २००२ च्या आत करारावर सही करेल, तो स्वतःहून मुदतीआधी काम करेल. मार्च २००४ पर्यंत स्थानिक आराखडा, त्या वर्षअखेर राज्याकडून अधिकृत आराखडा, २००५ संपायच्या आत सगळे उपाय जमिनीवर सुरू, आणि ३१ डिसेंबर २००७ पर्यंत मानक गाठायचं. बदल्यात काय, तर नापासाचा शिक्का बसला तरी तो लागू व्हायची तारीख ईपीए पुढे ढकलत राहणार, प्रत्येक टप्पा पूर्ण केला तरच. एक टप्पा चुकला की शिक्का लागू.

तीसच्या वर भागांनी सह्या केल्या. त्यातल्या १४ भागांचे आकडे २००४ मध्ये खरोखर मानकाच्या वर होते आणि त्यांना ही सवलत मिळाली. नॅशव्हिल, चॅटनूगा, रोनोक, कोलंबिया, ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्ग, ग्रीन्सबरो-विन्स्टन सेलम, सॅन अँटोनियो वगैरे, आणि डेन्व्हर. २००८ च्या एप्रिलमध्ये १३ पास म्हणून जाहीर झाले. डेन्व्हरवर मात्र २० नोव्हेंबर २००७ पासूनच शिक्का लागू झाला.

मी त्या काळात टेक्सासात एका प्रादेशिक नियोजनाच्या कामावर नवीन लागलो होतो, माझं काम उत्सर्जनाची यादी करायचं, ज्याला सगळे इन्व्हेंटरी म्हणतात. कारखान्यांच्या चिमण्या मोजणं सोपं, त्यांचे परवाने असतात. अवघड बाकीचं. या काउंटीत गवत कापायची यंत्रं किती, त्यातली टू-स्ट्रोक किती, रंगकामाला किती गॅलन रंग जातो, गॅस स्टेशनवर (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात) टँकर रिकामा होताना किती वाफ उडते, रस्त्यावर पातळ केलेलं डांबर उन्हाळ्यात किती टाकतात. एकेक आकडा आठवडा आठवडा खायचा. मग ते सगळं संगणकाच्या मॉडेलमध्ये घालून सप्टेंबर १९९९ चे वाईट दिवस पुन्हा उभे करायचे, जुळले की तेच हवामान ठेवून २००७ ची गाड्या-कारखान्यांची बेरीज घालायची आणि बघायचं ओझोन किती येतो.

माझं म्हणणं असं की ही पद्धत चांगली होती, आणि तिच्यात जे हुकलं ते मोजणीत हुकलं. सही केली म्हणून हवा साफ होत नाही, यादी दर वर्षी खरी ठेवली तर होते. तुमच्यापैकी कोणी त्या भागांत राहिलं असेल तर अनुभव लिहा.

मृण्मयी_एनसी

वा, या विषयावर मराठीत कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मी ग्रीन्सबरोला २००३ पासून आहे, आमचा ट्रायड (ग्रीन्सबरो-विन्स्टन सेलम) भाग त्या १४ मधला.

मला आठवतं ते लाल-नारिंगी दिवसांचं. रोज संध्याकाळी बातम्यांत उद्याच्या हवेचा रंग, म्हणजे ओझोन किती वाईट असेल ते, सांगायचे आणि शाळेत नारिंगी असला की मधल्या सुट्टीत मुलांना आत ठेवायचे. शेजारच्या आजी मला सांगायच्या की दुपारी गॅस भरू नकोस, सहानंतर भर. मला तेव्हा वाटायचं एका गाडीने काय होणार. मग एकदा दुपारी तीनला पंपावर उभी होते, नोझल काढताना काठावरून वाफ उठताना दिसली, म्हणजे अक्षरशः मागची भिंत लहरत होती त्या वाफेतून, आणि तो गोडसर वास. तेव्हापासून मी सहानंतरच भरते.

एक विचारायचं होतं, आमच्याकडे झाडंच झाडं आहेत, हवा तर चांगली असायला हवी ना? मग ओझोन इतका का यायचा?

रसायनवाला

मृण्मयी, तुमच्या प्रश्नातच अर्धा धागा आहे. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

ओझोन कुठल्याच नळीतून बाहेर पडत नाही, तो हवेत तयार होतो. त्याला दोन गोष्टी लागतात, नायट्रोजनची ऑक्साइडं म्हणजे नॉक्स, आणि उडून जाणारी सेंद्रिय संयुगं म्हणजे व्हीओसी, आणि वर ऊन. ऊन नायट्रोजन डायऑक्साइड फोडतं, त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटला की झाला ओझोन. आता उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन परत खाऊन टाकतो, म्हणजे हिशोब शून्यावर यायला हवा. पण मध्ये व्हीओसी आले की त्यांच्यापासून बनलेले रॅडिकल, म्हणजे रेणूंचे अस्थिर तुकडे, त्या नायट्रिक ऑक्साइडला ओझोन न खाता परत डायऑक्साइड करून देतात. चक्र फिरत राहतं आणि ओझोन साठत जातो. नॉक्स, व्हीओसी आणि ऊन मिळून ओझोन होतो हे लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करताना हागेन-स्मिट यांनी १९५० च्या आसपास उलगडलं.

आता झाडं. ओकसारखी झाडं उष्णतेत आयसोप्रीन सोडतात, तोही व्हीओसीच, आणि फार चपळ. तुमच्या आग्नेय भागात व्हीओसीचा तोटा कधीच नसतो, रंगाचे कारखाने बंद केले तरी जंगल पुरवतच राहणार. म्हणून तिथे नॉक्स कमी केला तरच ओझोन उतरतो. झाडांचा दोष नाही हो यात, नॉक्स नसेल तर ते आयसोप्रीन ओझोन करूच शकत नाही.

उलट दाट शहराच्या मध्यभागी नॉक्स इतका असतो की तो थोडासा कमी केला तर ओझोन वाढतो, कारण ओझोन खाणारा नायट्रिक ऑक्साइड कमी झाला. शनिवार-रविवारी ट्रक कमी असतात तरी काही शहरांत ओझोन जास्त यायचा तो यामुळेच. म्हणून एका शहराचा आराखडा दुसऱ्याने उचलून चालत नाही. आधी बघावं लागतं आपण कुठल्या बाजूला आहोत.

कायदेकानू

धागा चांगला आहे पण मी दुसरी बाजू मांडतो, राग नसावा.

एक म्हणजे क्लीन एअर ॲक्टमध्ये शिक्क्याची तारीख अशी पुढे ढकलायची स्पष्ट तरतूद नाही, आणि आरोग्य व पर्यावरणाच्या संघटनांनी तेव्हाच हा आक्षेप घेतला होता. शिक्का म्हणजे नुसती बदनामी नसते. शिक्का लागला की नवा मोठा कारखाना आणायचा तर आधी तेवढंच उत्सर्जन दुसरीकडे कमी करून दाखवावं लागतं, नवे रस्ते हवेच्या आराखड्यात बसतात की नाही हे सिद्ध करावं लागतं, नाहीतर केंद्राचा पैसा अडतो. करार करणाऱ्यांना हेच टाळायचं होतं, स्थानिक चेंबरवाले (व्यापारी मंडळवाले) उघडपणे तसं बोलायचे. म्हणजे मुलांच्या फुफ्फुसांसाठी सह्या झाल्या असं म्हणणं मला पटत नाही.

दुसरं, तेरा पास झाले ते कराराने झाले की बाहेरच्या नियमांनी? ईपीएचा १९९८ चा नॉक्स सिप कॉल आठवा. पूर्वेकडच्या २२ राज्यांना आणि डीसीला वीज प्रकल्पांचा नॉक्स कापायला लावला, आणि तो २००३-०४ च्या उन्हाळ्यांपासून प्रत्यक्षात आला. २००४ पासून नव्या गाड्यांना टियर २ हे धुराचं कडक मानक लागू झालं, गॅसमधलं सल्फर उतरलं. नॉर्थ कॅरोलायनाने स्वतःचा क्लीन स्मोकस्टॅक्स ॲक्ट २००२ मध्येच केला, त्यात कोळशाच्या प्रकल्पांना २००९ पर्यंत नॉक्स जवळजवळ तीन चतुर्थांश कमी करायला लावला. एवढं सगळं होत असताना ट्रायडने गॅस संध्याकाळी भरा म्हणून सांगितलं, आणि ओझोन उतरला. श्रेय कोणाला?

नोंदवही

@कायदेकानू, राग कसला, हेच मुद्दे यावेत म्हणून तर धागा काढला.

दुसरा मुद्दा बराचसा मान्य. पूर्वेकडच्या भागांत मोठी घट वीज प्रकल्पांनीच आणली, माझ्या हाताने ती गणितं केलेली आहेत, टेक्सासातही १९९९ च्या कायद्याने जुन्या प्रकल्पांना नॉक्स निम्म्यावर आणायला लावलं होतं आणि मॉडेलमध्ये त्याचा फरक स्पष्ट दिसायचा. स्थानिक उपायांनी दोन-चार पीपीबीच्या आतला फरक पडायचा. पण मंडळी, काठावरच्या भागाला तेवढंच हवं असतं! पास-नापास कसं ठरतं बघा. प्रत्येक मॉनिटरवर (हवेतला ओझोन मोजणाऱ्या ठिकाणी) रोजची सगळ्यात वाईट आठ तासांची सरासरी घ्यायची, वर्षभरातल्या अशा आकड्यांतला चौथ्या नंबरचा उचलायचा, आणि लागोपाठ तीन वर्षांच्या या चौथ्या नंबरांची सरासरी काढायची. ८४ पीपीबी आली तर पास आणि ८५ आली तर नापास, कारण मानक दोनच दशांशांत लिहिलेलं होतं, ०.०८४ चं पूर्णांकन ०.०८ होतं. म्हणजे एका उन्हाळ्यातले चार वाईट दिवस तीन वर्षांचा निकाल लावतात.

आणि हवामानाने पास केलं असंही म्हणता येत नाही. २००४ चा उन्हाळा पूर्वेला थंड होता हे खरं, पण निकाल २००५ ते २००७ च्या आकड्यांवर लागला आणि २००७ चा ऑगस्ट आग्नेयेत भयंकर तापला होता. तरीही पास झाले.

पहिल्या मुद्द्याबद्दल. हेतू मिश्र होते, अगदी मान्य. मी त्या बैठकांना मागच्या खुर्चीवर बसायचो. काउंटीचे प्रमुख विचारायचे माझ्या लोकांना किती डॉलर पडणार, रस्तेवाले विचारायचे माझा हायवे अडणार का. पण त्याच बैठकीतून ऑस्टिनच्या ट्रॅव्हिस आणि विल्यमसन या दोन काउंट्यांनी गाड्यांच्या धुराची एमिशन टेस्ट मागून घेतली, ती सप्टेंबर २००५ ला सुरू झाली, आणि कायद्याने तेव्हा ती कोणी त्यांच्यावर लादू शकत नव्हतं कारण ऑस्टिन भाग नापास नव्हताच. लोकांना दर वर्षी पैसे द्यायला लावणारा नियम निवडून आलेली माणसं आपणहून मागतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. २०२५ पासून टेक्सासने खासगी गाड्यांची सुरक्षेची वार्षिक तपासणी बंद केली तरी त्या काउंट्यांत धुराची टेस्ट अजून चालू आहे.

आप्पा_सॅनअँटोनियो

नोंदवही, तू आमच्या गावाचं नाव घेतलंस म्हणून लिहितो. मी इथे १९८८ पासून. २००८ ला पास झालो तेव्हा आनंद झाला, पण पुढची गोष्ट लिहायची राहिली तुझ्याकडून. २००८ मध्येच मानक ७५ पीपीबी झालं, २०१५ मध्ये ७०, आणि २०१८ ला आमच्या बेक्सार काउंटीवर शिक्का बसलाच. म्हणजे आमची हवा बिघडली म्हणून नाही, शास्त्र पुढे गेलं आणि कळलं की ८४ वरसुद्धा माणसं आजारी पडतात. माझं म्हणणं एवढंच की २००२ ला जेव्हा करार केला तेव्हा ८४ ला जाऊन टेकायचं असं ठरवलं, आणि टेकल्यावर बाकीचे सगळे घरी गेले. त्याच जोरात पुढची दहा वर्षं चाललो असतो तर?

बाकी आपली मुलं बाहेर खेळतात त्या वेळा आणि ओझोनच्या वेळा अगदी एक आहेत, दुपारी तीन ते सहा. हे मला फार लागतं.

शेवंता

मी डेन्व्हरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी राहते. माझ्या मुलीला दमा आहे, ११ वर्षांची आहे. इथे घर घेताना सगळे म्हणाले शहराच्या गर्दीपासून लांब, डोंगराची शुद्ध हवा, हिच्यासाठी चांगलं. आणि मग पहिल्याच जुलैमध्ये तिचा इन्हेलर दिवसातून चार वेळा. डॉक्टरांनी विचारलं कुठे राहता, मी सांगितलं, तर ते म्हणाले तिकडचे आकडे शहरापेक्षा जास्त असतात. मला खरंच धक्का बसला होता, शहरापेक्षा डोंगरात जास्त कसं असू शकतं?

आणि डेन्व्हर एका पीपीबीने हुकलं म्हणजे नक्की काय झालं ते कोणी सांगेल का? कारण आमच्याकडे तर अजूनही उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी अलर्ट येतो.

रसायनवाला

शेवंताताई, शहरात गाड्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड असतो, तो ओझोन तिथल्या तिथे खात असतो. ती हवा पुढे सरकली, नायट्रिक ऑक्साइड वापरला गेला, ऊन मिळत राहिलं, की दोन-चार तासांनी ओझोन शिगेला जातो. आणि तुमच्याकडे दिवसा वारा मैदानाकडून डोंगराकडे चढतो, कारण उतार आधी तापतात. म्हणजे सकाळची शहराची आणि उत्तरेच्या तेलक्षेत्राची हवा दुपारी तुमच्या अंगणात येऊन थांबते, पुढे भिंत आहे ना डोंगरांची. वरून उंची जास्त, ऊन कडक. म्हणून तुमच्या बाजूचा, डोंगराच्या पायथ्याचा रॉकी फ्लॅट्सचा मॉनिटर नेहमी डाउनटाउनच्या वर असतो.

मी एकदा तसली एक मॉनिटरची खोली आतून बघितली आहे. ट्रेलरएवढी, एसी लावलेली, छपरातून टेफ्लॉनची एक बोटाएवढी नळी आत येते, कारण साधी कसली नळी लावली तर ओझोन तिलाच चिकटून संपतो. आत पाऱ्याचा दिवा, २५४ नॅनोमीटरचा, हवेतून तो प्रकाश पलीकडे किती पोचला यावरून ओझोन किती ते कळतं. एवढ्याशा पेटीतल्या आकड्यावर अख्ख्या शहराचं भवितव्य. तंत्रज्ञ बाई तिची नळी बदलताना हातमोजे घालून इतक्या जपून करत होत्या की मी श्वास रोखून बघत होतो.

फिल्डवरचा

बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण डेन्व्हरचं मला माहिती आहे कारण मी त्या वर्षांत डेन्व्हरच्या उत्तरेला वेल्ड काउंटीत तेल-वायूच्या विहिरींवर काम केलंय, म्हणून लिहितो, शुद्धलेखनाचं बघू नका.

विहिरीतून नैसर्गिक वायू येतो त्याच्याबरोबर एक हलकं तेल येतं, त्याला कंडेन्सेट म्हणतात. ते खाली दाबाखाली असतं. सेपरेटरमधून (वायू आणि तेल वेगळं करायचं यंत्र) ते शेजारच्या साध्या टाकीत सोडलं की दाब एकदम उतरतो आणि त्यात विरघळलेला वायू फसफसून बाहेर येतो, सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखं. टाकीच्या डोक्यावर एक झाकण असतं, माप घ्यायचं, त्याला थीफ हॅच म्हणतात. त्याचं रबर झिजलेलं असलं किंवा कोणी नीट बसवलं नाही की सगळी वाफ तिथून. साध्या डोळ्यांना फक्त लहरी दिसतात, दुपारी डांबरी रस्त्यावर दिसतात तशा. मी पहिल्यांदा इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून बघितलं तेव्हा हबकलो, ती टाकी चिमणीसारखी काळा धूर ओकत होती, आणि मी रोज त्या शिडीवर चढायचो.

डेन्व्हरच्या करारात याच टाक्यांवर मुख्य भर होता, वाफ गोळा करून जाळायची. नियम असा की कंपनीच्या सगळ्या टाक्या मिळून अमुक टक्के घट दाखवायची, कुठल्या टाकीवर बर्नर बसवायचा ते कंपनीने ठरवायचं. आता गडबड इथे. टक्के पाळले लोकांनी, कागदावर. पण विहिरी वाढतच गेल्या, महिन्यागणिक नवे पॅड, म्हणजे विहिरी खणायच्या जागा. शंभर टाक्यांची वाफ निम्मी केली आणि टाक्या दोनशे झाल्या तर हातात काय उरलं? आराखडा लिहिला तेव्हा जेवढी वाढ धरली होती त्याच्या पलीकडे ड्रिलिंग गेलं. २००६ च्या शेवटी राज्याने टक्का बराच वर नेला पण २००७ चा उन्हाळा समोर उभा होता, वेळ कुठे होता.

आणि रॉकी फ्लॅट्सच्या मॉनिटरची २००५ ते २००७ ची सरासरी आली ८५.

कायदेकानू

फिल्डवरचा, हा प्रतिसाद या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा आहे. आणि यातून माझ्या शंकेला एक उत्तर मिळालं असं वाटतं. कोलोरॅडो नॉक्स सिप कॉलमध्ये नव्हतं, ती पूर्वेची राज्यं होती. म्हणजे डेन्व्हरला बाहेरून मोठी मदत नव्हती, जे करायचं ते बहुतेक करारातूनच, आणि तेच हुकलं. म्हणजे नुसत्या कराराच्या जोरावर किती होतं याची खरी परीक्षा डेन्व्हरला झाली.

पण एक गोष्ट कराराच्या बाजूनेही म्हणावी लागेल, शिक्का टाळता आला नाही. १ जुलै २००७ पर्यंतची सवलत होती ती दोनदा थोडी थोडी लांबवली, पण नोव्हेंबरमध्ये शिक्का लागला. वचन मोडलं तर परिणाम झाला. मला भीती होती ती हीच की काही झालं तरी ढकलतच राहतील.

नोंदवही

@फिल्डवरचा, मनापासून आभार. मी मोजणीत हुकलं म्हणालो ते हेच, पण तुम्ही शिडीवरून सांगितलंत.

यात आणखी एक लिहितो. करारात दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल द्यायचा होता. त्या अहवालात काय असायचं, तर अमुक नियम मंजूर, अमुक बसेस आल्या, इतक्या शाळांत माहितीपत्रकं. आपण काय काय केलं याची यादी. वाढ किती झाली हे कोणी त्याच पानावर, त्याच ओळीत लिहीत नव्हतं. टक्क्यांऐवजी टनात लिहिलं असतं, उन्हाळ्यातल्या एका दिवसाला एकूण किती टन, गेल्या वर्षी किती आणि यंदा किती, तर २००५ मध्येच दिसलं असतं की एकूण बेरीज वर चाललीय. नवीन विहिरीचा परवाना राज्याच्या एका खात्यात, टाकीची नोंद दुसऱ्या खात्यात, आणि हवेचा आराखडा तिसरीकडे.

शेवंताताई, पुढचं डेन्व्हरचं असं की ७५ च्या मानकाखाली शिक्का एकेक पायरी गंभीर होत गेला, २०२२ मध्ये सिव्हिअर (तीव्र) या वर्गात गेलं, म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यापासून तिकडे रिफॉर्म्युलेटेड गॅस, म्हणजे कमी प्रदूषण करणारं वेगळ्या मिश्रणाचं पेट्रोल, विकावं लागतं. मात्र त्याच कोलोरॅडोने २०१४ मध्ये तेल-वायूच्या गळतीवर मिथेनसकट नियम केले, असं करणारं ते पहिलं राज्य. कॅमेरा घेऊन गळती शोधणं तेव्हापासून नियमात आलं. २००७ च्या अपयशातून लोक शिकले नाहीत असं मला म्हणवत नाही.

मृण्मयी_एनसी

अटलांटाचं उदाहरण मी नेहमी ऐकते की १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये गाड्या कमी केल्या आणि ओझोन चौथ्या हिश्श्याहून जास्त उतरला, मुलांचे दम्याचे झटके कमी झाले. मग स्वतःहून केलेल्या उपायांनी होतं की!

रसायनवाला

ते अर्धंच सांगितलं जातं. २००१ च्या अभ्यासात तसं आलं होतं हे खरं, पण नंतर पुन्हा तपासलं तेव्हा दिसलं की त्याच दिवसांत आग्नेयेतल्या दुसऱ्या शहरांतही ओझोन उतरला होता, म्हणजे हवामानाचा हात मोठा होता, आणि दवाखान्यातल्या फेऱ्यांची घटही ऋतूचा हिशोब धरल्यावर टिकली नाही. मला ते उदाहरण फार आवडायचं, सोडताना वाईट वाटलं, पण सोडलं. दोन-तीन आठवड्यांच्या प्रयत्नाने कायमचं काही बदलत नाही. म्हणूनच हे पाच वर्षांचे करार मला महत्त्वाचे वाटतात, तीन उन्हाळ्यांची सरासरी हवामानाला सहज फसत नाही.

आप्पा_सॅनअँटोनियो

आता असं काही आहे का रे? म्हणजे काठावरच्या गावांना आधीच काही करायचं असेल तर?

नोंदवही

आहे आप्पा. २०१२ पासून ईपीएचा ओझोन ॲडव्हान्स कार्यक्रम आहे, ज्यांच्यावर अजून शिक्का नाही अशा भागांसाठी. यात शिक्का पुढे ढकलायची सवलत नाही, कायदेकानूंचा आक्षेप इथे मिटला. पण त्यामुळे बांधूनही ठेवत नाही, तारखा चुकल्या तर काही होत नाही. आणि हे सगळं तसं जुनंच आहे, ओक्लाहोमातल्या टल्सावाल्यांनी १९९१ पासून ओझोन अलर्टचे दिवस सुरू केले होते आणि १९९५ मध्ये ईपीएशी असाच आधीचा एक करारही केला होता, २००२ ची कल्पना त्यातूनच मोठी झाली.

मला विचाराल तर दोन्हीचं मिश्रण हवं. सवलत नको, पण तारखा हव्यात, आणि टनांचा हिशोब दर वर्षी एका पानावर, कोणालाही वाचता येईल असा.

शेवंता

सगळ्यांचे खूप आभार, मी दोनदा वाचला धागा. फिल्डवरचा, तुम्हाला एक विचारायचंय. आमच्या उत्तरेला नवीन पॅडच्या परवान्याची सुनावणी आहे पुढच्या महिन्यात, मी जाणार आहे, तीन मिनिटं बोलायला मिळतात. मुलीच्या इन्हेलरबद्दल बोलले तर ऐकून घेतात सगळे, मान हलवतात, पण पुढे काही होत नाही. मी नक्की काय विचारू?

फिल्डवरचा

ताई, टक्के किती असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. विचारा की या पॅडवर टाक्या असणार की तेल थेट पाइपलाइनने जाणार. टाकीच नसेल तर फसफसायला काही नाही आणि ट्रकच्या फेऱ्याही वाचतात. टाक्या असणार म्हणाले तर विचारा किती, हॅच किती दिवसांनी तपासणार, कॅमेऱ्याने की नुसतं बघून, आणि त्याची नोंद आम्हाला कुठे बघायला मिळेल. ड्रिलिंगचं इंजिन डिझेलवर की विजेवर तेही विचारा, नॉक्स तिथून येतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये अलर्ट असेल त्या दुपारी टाक्या रिकाम्या करायचं काम थांबवणार का.

उत्तरं मिळाली की इथे लिहा. कुठलं खरं आणि कुठलं तोंडदेखलं ते मी सांगतो.

शेवंता

लिहून घेतलं सगळं, फ्रिजवर लावलंय. मुलगी म्हणतेय मी पण येणार, तिला हॅचचा प्रश्न विचारायचाय.